हापसा (इंडिया मार्क टू हातपंप)

हापसा म्हणजे बोअरमधून हाताने पाणी उपसण्याचा पोलादी पंप. सरकारी कागदावर तो ‘हातपंप’ असतो, जगाच्या बाजारात ‘इंडिया मार्क टू’. गावात मात्र ‘हापशावर गर्दी आहे’, ‘हापसून हापसून हात भरून आले’ असेच बोलले जाते. १९७० च्या दशकात भारतात घडलेला हा पंप पुढे आफ्रिका आणि आशियातल्या अनेक देशांत पोचला. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे ५० लाख पंप तयार होऊन बसवले गेले होते.

विकसनशील देशांतील उपयोजित संशोधन समजून घ्यायचे तर हा पंप समोर ठेवावा. त्यात प्रयोगशाळेत लागलेला एकही मोठा शोध नाही. साखळी, बेअरिंग, लोखंडी दांडा, चामड्याचे वायसर या सगळ्या आधीपासून माहीत असलेल्या वस्तू. नवे होते ते प्रश्न : पंप कुठे मोडतो, किती दिवसांनी मोडतो, तो दुरुस्त कोण करणार आणि त्याला ते शिकवणार कोण. अभियांत्रिकी, कारखानदारी आणि प्रशिक्षण ही तिन्ही कामे इथे एकाच वेळी करावी लागली, आणि जिथे त्यांतले एक मागे पडले तिथे पंपही बंद पडले.

बोअर आली, पंप टिकेना

दख्खनचे पठार काळ्या कातळाचे. इथे विहीर खणायची म्हणजे सुरुंग लावून महिनोन् महिने कातळ फोडायचा. १९६६-६७ मध्ये बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला, तेव्हा युनिसेफने दाबाच्या हवेवर चालणारी खोदयंत्रे भारतात आणली. या यंत्रांनी कठीण खडकातही अरुंद, खोल भोक काही तासांत पाडता येऊ लागले. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाने हीच निकड तीव्र केली. गावोगाव बोअरच्या गाड्या फिरू लागल्या आणि सहा इंची भोकातून पाण्याचा फवारा उडालेला पाहायला अख्खे गाव जमू लागले.

पाणी लागले तरी ते वर आणायचे कशाने? त्या वेळी बाजारात मिळणारे हातपंप बिडाचे होते. त्यांचा मूळ आराखडा युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांच्या अंगणात बसणाऱ्या पंपाचा. एक कुटुंब दिवसातून थोडा वेळ वापरणार, या हिशेबाने ते बनवलेले. आपल्याकडे त्याच पंपावर पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत शेकडो माणसे पाणी भरत होती. दांड्याच्या खिळी झिजून सैल होत, मग दांडा वाकडातिकडा हलू लागे आणि शेवटी बीड तडकत असे. १९७० च्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली तेव्हा बसवलेल्या चार पंपांपैकी जवळजवळ तीन बंद आढळले. खोदाईवर इतका खर्च होऊनही बायका पुन्हा ओढ्यातल्या झिऱ्यावर जात होत्या. पंप वाईट होता असे म्हणणेही अन्यायाचे ठरेल. तो दुसऱ्याच कामासाठी बनवलेला होता.

जालना आणि सोलापूर

या प्रश्नाचे पहिले खरे उत्तर मराठवाड्यात आणि सोलापुरात सापडले. जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने विहिरी खोदण्याचे काम हाती घेतले होते, सोलापुरातही मिशनशी जोडलेली कार्यशाळा विंधन विहिरींचे काम करत होती. स्वतः बसवलेला पंप मोडला की गावकरी त्यांच्याच दारात येत. त्यामुळे मोडलेले भाग त्यांच्या हातात पडत होते आणि कुठला भाग आधी जातो हे त्यांना नेमके ठाऊक होते. या दोन ठिकाणच्या कामातून ‘जालना पंप’ आणि ‘सोलापूर पंप’ तयार झाले. सोलापूर पंप रचणारा मेकॅनिक स्वतःच शिकलेला होता, असे या पंपाच्या इतिहासात सांगितले जाते.

त्यांनी केलेले बदल मोजके होते. बिडाऐवजी वेल्डिंग केलेले पोलाद वापरले. दांड्याला अनेक सांध्यांऐवजी एकच टेकू ठेवला. दांड्याच्या पुढच्या टोकाला वर्तुळाच्या तुकड्यासारखा अर्धगोल भाग जोडून त्यावरून साखळी सोडली, म्हणजे दांडा कमानीत फिरला तरी आतला रॉड सरळ उभाच वरखाली होतो आणि बाजूला घासत नाही. चौथी गोष्ट बाहेरून दिसत नाही, पण आरोग्याच्या दृष्टीने तीच मोठी : पंपाचा पाया बोअरच्या केसिंग पाइपवर, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून आत बसवलेल्या पाइपवर, टोपीसारखा बसवला. जुने पंप नुसते ओट्यावर बोल्टने आवळलेले असत आणि सांडलेले घाण पाणी फटीतून परत बोअरमध्ये उतरे. नव्या रचनेत ती वाट बंद झाली.

पुढे युनिसेफ, भारत सरकार, मद्रासची यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्था ‘मेराडो’ आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही सरकारी कंपनी यांनी मिळून सोलापूरच्या पंपावर काम केले. अटी आधीच ठरवल्या होत्या : पंप भारतातल्या साध्या कारखान्यात तयार झाला पाहिजे, किंमत २०० डॉलरच्या आत राहिली पाहिजे आणि भरपूर वापर होऊनही किमान वर्षभर तो बिघडता कामा नये. त्या दशकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि १९७९ मध्ये ‘भारतीय मानक ९३०१’ निघाले.

रचना

ओट्यावर दिसणाऱ्या हापशाचे तीन भाग : खाली सिमेंटात रोवलेला तीन पायांचा खांब, त्यावर तोटी असलेली पाण्याची टाकी आणि सगळ्यांत वर दांडा, बेअरिंग व साखळी असलेली पेटी. टाकीपासून खाली ३२ मिलिमीटर व्यासाचे जस्ती पाइप एकमेकांना जोडत बोअरमध्ये उतरतात. त्यांच्या तळाशी पितळी अस्तराचा सिलिंडर असतो आणि पाइपांमधून खाली गेलेला रॉड सिलिंडरमधला दट्ट्या ओढतो. सुमारे ४५ ते ५० मीटर खोलीपर्यंत हे काम नीट चालते.

दांडा भरीव लोखंडाचा असतो. तो जड आहे म्हणून पहिल्यांदा हापसणारा कुरकुरतो, पण खाली लोंबणाऱ्या रॉडचे आणि पाण्याचे वजन तोलायला तोच जडपणा कामी येतो. टेकूच्या मागचा भाग पुढच्या भागाच्या आठपट लांब असल्याने कमी जोरात काम भागते. दहा-अकरा वर्षांची मुलगीसुद्धा, थोडी लोंबकळून का होईना, कळशी भरू शकते. सिलिंडरचा व्यास ६३.५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव १२५ मिलिमीटर. म्हणजे दांडा एकदा वरखाली केला, एक हापसा मारला, की साधारण ४०० मिलिलिटर पाणी. चाळीस हापसे मारले की १५ लिटरची कळशी काठोकाठ भरते. मानकातली चाचणीही हीच आहे : ४० हापशांत १५ लिटर.

पाणी लगेच येते की नाही यावर जुन्या जाणत्या बायका पंपाची तब्येत ओळखतात. सकाळच्या पहिल्या दोन-तीन हापशांत धार सुटली तर तळाचा व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप, ठीक आहे. वीस-पंचवीस हापसे कोरडे गेले तर रात्रीत पाइपातले पाणी खाली उतरले, म्हणजे तळाचे वायसर गेले. दांडा अचानक हलका पडून खाली आदळला, तर रॉड सुटला किंवा साखळी तुटली. ही परीक्षा कुठल्याच मानकात लिहिलेली नाही, पण दुरुस्ती पथकाला निरोप धाडताना तीच कामाला येते.

पेटंट नसलेला माल

या पंपाचे पेटंट घेतलेले नाही. आराखडा सार्वजनिक ठेवला आणि कुठल्याही कारखान्याला तो बनवण्याची मुभा दिली, ही माझ्या मते या साऱ्या कामातली सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट होती. स्पर्धेने किंमत आवाक्यात राहिली. प्रत्येक भागाची मापे ठरलेली असल्यामुळे एका कारखान्याची साखळी दुसऱ्या कारखान्याच्या पंपाला बसू लागली, आणि तालुक्याच्या गोदामात एकाच जातीचे सुटे भाग ठेवून भागू लागले.

मोकळीक दिली की हलका माल शिरणार, हे उघड होते. म्हणून युनिसेफने कारखाने पारखून घेतले आणि पंप बाहेर पडण्यापूर्वी त्रयस्थ तपासनिसांकडून तपासण्याची शिस्त घातली. पाइपाची जाडी, जस्ताचा थर, वेल्डिंग, बेअरिंगची खोबण, सगळे मोजले जाई. जिथे ही तपासणी ढिली झाली आणि खरेदी निव्वळ कमी दराच्या निविदेवर होऊ लागली, तिथे पातळ पाइप आले. वरून सारखेच दिसणारे दोन हापसे. एक वीस वर्षे चालतो, दुसऱ्याचे पाइप चार पावसाळ्यांत कुजतात. बाहेरून रंग दोघांनाही सारखाच दिलेला असतो.

दुरुस्ती कुणी करायची

वायसर काही रुपयांचे असते, पण ते बसलेले असते ४५ मीटर खाली. ते बदलायचे तर तीन-तीन मीटरचे पंधरा पाइप, पाण्याने भरलेले, एकेक करून वर काढायचे, क्लँपने धरायचे, पाना लावून कपलिंग सोडवायचे. चार माणसे, अवजारे आणि गाडी, एवढे सारे एका वायसरपायी. त्यासाठी सुरुवातीला तीन पायऱ्यांची व्यवस्था बसवली : गावात ग्रीस घालणारा, नट आवळणारा पंपराखा, तालुक्याला मेकॅनिक आणि जिल्ह्याला गाडीसह फिरते पथक. तमिळनाडूत ती आधी रुजली. महाराष्ट्रात पंचायत समितीचे हातपंप दुरुस्ती पथक त्याच वळणावर उभे राहिले. अडचण अंतराची होती. गावातून निरोप जायचा, अर्ज व्हायचा, गाडीची पाळी लागायची. तोवर आठवडे उलटत आणि पाणी भरणारीला पुन्हा दूरची विहीर धरावी लागे.

राजस्थानात तिलोनियाच्या समाजकार्य व संशोधन केंद्राने वेगळा मार्ग काढला. गावातल्याच तरुणाला काही आठवड्यांचे शिक्षण देऊन ‘हँडपंप मिस्त्री’ केले आणि आसपासच्या गावांचे पंप त्याच्यावर सोपवले. पुढे तो मार्ग राजस्थान सरकारनेही स्वीकारला.

बांदा जिल्ह्यातली गोष्ट त्याहून पुढची आहे. उत्तर प्रदेशातल्या या दुष्काळी भागात महिला समाख्या या सरकारी शिक्षण कार्यक्रमातून दलित आणि आदिवासी बायकांनी १९९० च्या सुमारास पंपदुरुस्ती शिकून घेतली. ज्यांना उच्चवर्णीयांच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्या आता पाना घेऊन त्याच वस्तीतला हापसा उघडत होत्या. थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आले की सुट्या भागांची नोंद ठेवायची तर लिहिता यायला हवे. साक्षरतेची मागणी त्यांनीच केली, आणि पुढे ‘महिला डाकिया’ नावाचे त्यांचे स्वतःचे वार्तापत्र निघाले. शिक्षणाच्या कार्यक्रमांत अक्षरओळख आधी आणि कौशल्य नंतर असा क्रम नेहमी धरतात. इथे तो उलटा झाला आणि टिकला.

मार्क थ्री आणि परदेश

१९८१ ते १९९० हे संयुक्त राष्ट्रांचे पिण्याच्या पाण्याचे दशक. त्या काळात जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांनी १७ देशांत सुमारे ७० प्रकारचे हातपंप प्रत्यक्ष गावांत वापरून तपासले. मार्क टूवर भारतातली मोठी चाचणी कोइमतूर परिसरात झाली. चामड्याच्या जागी नायट्राइल रबराचे वायसर बसवल्यावर ते कितीतरी जास्त दिवस टिकते, हे तिथे दिसले. वरचा पाइप रुंद करून सिलिंडरचे तोंड उघडे ठेवले, तर पाइप न काढताच दट्ट्या आणि तळाचा व्हॉल्व्ह वर ओढता येतो. हाच ‘इंडिया मार्क थ्री’. गावातल्या दोघातिघांना ही दुरुस्ती जमते. पण रुंद पाइपामुळे तो महाग आणि जड झाला आणि मार्क टूइतका पसरला नाही.

आफ्रिकेत हा पंप मोठ्या संख्येने गेला. युगांडाने त्यावरून ‘यू-टू’ आणि ‘यू-थ्री’ ही आपली मानके केली, मालीत ‘इंडिया-माली’ नावाचा अवतार निघाला. पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक भागांत मात्र भूजल आम्लधर्मी आहे. त्यात जस्ती पाइप लवकर गंजतात, पाणी तांबूस येते, चहा काळा पडतो, भात रंग धरतो. लोक असे पाणी प्यायचे सोडून डबक्याकडे वळतात. चांगला पंप दुसऱ्या मातीत नेताना तिथले पाणी तपासायचे राहून गेले. युरोप-अमेरिकेचा बिडाचा पंप आपल्याकडे आणताना झालेली चूकच पुन्हा घडली. सुट्या भागांची साखळी उभी न राहिल्याने बाकीचे पंपही थांबले. सहाराच्या दक्षिणेकडील २० देशांतली आकडेवारी २००९ मध्ये एकत्र मांडली गेली, तेव्हा सरासरी एक तृतीयांशाहून अधिक हातपंप बंद असल्याचे दिसले.

पाण्याचे देणे-घेणे

पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याने पसरणारा नारू हा जंताचा रोग भारतातून गेला, त्यात बंदिस्त बोअर आणि हापशाचा मोठा वाटा आहे. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. त्याच वेळी खोल खडकातल्या पाण्याबरोबर काही भागांत फ्लोराइडही वर आले. राजस्थान, तेलंगणा आणि आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत दात पिवळे-तपकिरी पडणे, हाडे आखडणे ही दुखणी त्यातून आली. अशा हापशांवर लाल रंगाची खूण करून ते पाणी पिऊ नये असे लिहिले जाते, पण जवळ दुसरे पाणी नसले की ती खूण कुणी पाळू शकत नाही.

त्याहून मोठा घाव शेतीच्या बोअरनी घातला. दीडशे-दोनशे मीटर खोल बोअरमध्ये विजेची मोटर सोडून उसाला आणि बागांना पाणी उपसले गेले, तशी शेजारच्या हापशाची पातळी ५० मीटरच्या खाली गेली. पंप धडधाकट, साखळीला ग्रीस घातलेले, आणि खाली पाणी नाही. मार्च संपता संपता असे हापसे अनेक गावांत दिसतात.

महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने लहान पाड्या-वस्त्यांसाठी दुहेरी पंपाची योजना राबवली आहे. एकाच बोअरमध्ये खाली सौर ऊर्जेवर चालणारा पंप आणि वर हापसा, दोन्ही चालावेत म्हणून पायाशी खास चेंबर बसवतात. ऊन असेल तोवर सौर पंप टाकी भरतो आणि नळाला पाणी येते. चार दिवस झड लागली, किंवा मोटर बिघडली, की टाकी रिकामी होते आणि बायका पुन्हा दांडा धरतात.