बरणीत मुरणारी पाइपची तंबाखू: पुण्यातल्या एका छंदाची पार्श्वभूमी

पाइपची तंबाखू घरी वर्षानुवर्षं मुरवणं हा जुना साहेबी थाट वाटतो, पण ही रीत तितकीशी जुनी नाही. पाइप जुना, तंबाखू त्याहून जुनी. बरणीवर तारीख घालून ती पाच-दहा वर्षं फळीवर ठेवून द्यायची, हे मात्र अलीकडचं. पूर्वी मुरवणं हे व्यापाऱ्याचं आणि कारखानदाराचं काम असे. घरच्या माणसाने फक्त आणलेली तंबाखू वाळू द्यायची नाही, एवढंच. पुण्यात आज जी मोजकी मंडळी हा नाद करतात, त्यांच्या बरण्यांमागे चवीच्या हौसेइतकीच टंचाईची धास्ती आहे, असं माझं मत आहे.

तंबाखू उत्तरेकडे गेली तीच दख्खनच्या वाटेने. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलेलं पान गोव्यावरून आदिलशाहीत पोचलं. अकबराचा वकील असद बेग 1604 च्या सुमारास विजापुरात होता. तिथे त्याने तंबाखू पहिल्यांदा पाहिली आणि परतताना रत्नजडित नळीसकट बादशहासाठी घेऊन गेला. अकबराने झुरके घेतले, हकिमाने अडवलं, दरबारात त्यावर वाद झाला. हे सगळं असद बेगाने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे 1617 मध्ये जहांगिराने बंदीचा हुकूम काढला. त्याचा उपयोग किती झाला, हे वेगळं सांगायला नको.

हुक्क्याची तंबाखू गूळ, काकवी आणि मसाले घालून मळत आणि मुरायला ठेवत. म्हणजे मुरवणं आपल्याला परकं नव्हतं. पण मराठी घरात तंबाखू यायची ती बहुतेक खायला, ओढायला किंवा नाकात घालायला, आणि तीही चार दिवसांची. कंबरेची चंची, चुन्याची डबी, तपकिरीची डबी ही सगळी रोजच्या वापराची भांडी, साठवणीची नव्हेत. आपल्याकडचं तंबाखूचं मोठं नाव निपाणी. तिथल्या शेतकऱ्यांचं 1981 चं आंदोलन अनेकांना आठवत असेल. पण निपाणीची तंबाखू विडीची. उन्हात वाळवलेली, खरखरीत, झणझणीत. पाइपवाल्यांना हवी असते ती वेगळी.

ती कॅम्पातून आली. खडकीची लढाई 1817 ची. त्यानंतर इंग्रजांची छावणी इथे कायमची बसली आणि तिच्यासोबत क्लब, मेस, दुकानं आणि विलायती डबे आले. शहरातल्या लोकांनी त्या भागाला लष्कर म्हटलं ते आजपर्यंत. पाइप ओढणं तिथून पेठांत झिरपलं, पण थोडंच: एखादा प्राध्यापक, एखादा वकील, सैन्यातून निवृत्त झालेले बरेच.

या साहेबी तंबाखूचा स्वभाव ठरला तो अमेरिकेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅसवेल काउंटीत 1839 मध्ये स्टीफन नावाचा एक गुलाम पानं वाळवण्याच्या कोठीत जाळ सांभाळत होता. त्याचा डोळा लागला, जाळ विझत आला, म्हणून त्याने घाईघाईने लोणारी कोळसा टाकला. एकदम धग वाढली आणि पानं काळपटण्याऐवजी सोनेरी पिवळी झाली. अशी झपाट्याने वाळवलेली पानं आपली साखर धरून ठेवतात. पुढे आच आणि धूर नळकांड्यांतून फिरवायची पद्धत आली आणि ‘व्हर्जिनिया’ तंबाखूचा जगभर प्रसार झाला. आपल्याकडे आंध्रात, गुंटूरकडे, ही लागवड 1920 च्या दशकात वाढली. नुसत्या हवेवर सावकाश वाळणाऱ्या बर्ली पानात साखर जवळजवळ उरतच नाही. घरी काय मुरतं आणि काय नुसतं पडून राहतं, याचा निम्मा निकाल इथेच लागतो.

वाळलेलं पान लगेच विकत नसत. मोठमोठ्या लाकडी पिंपांत दाबून ते वर्ष-दोन वर्षं, कधी तीन वर्षं गोदामात ठेवायचं, मग मिश्रण करायचं. काही मिश्रणं त्यानंतर वाफ देऊन दाबतात, वड्या पाडतात आणि त्यांचे पातळ काप काढतात; त्यांना फ्लेक म्हणतात. लुइझियानातली पेरीक तंबाखू तर पिंपात दाबून स्वतःच्याच रसात आंबवलेली असते. म्हणजे डबा दुकानात येईपर्यंत मुरवणीचं मोठं काम उरकलेलं असे. अठराव्या शतकातल्या इंग्रजी घरांत तंबाखूसाठी शिशाची भांडी असत, आत वजनदार दाबणी आणि वर झाकण. ती तंबाखू ओलसर राखण्यापुरती होती. शिशाच्या भांड्यात ठेवलेलं काही ओढावं हे आज ऐकूनच अंगावर काटा येतो, पण तेव्हा तोच थाट होता.

घरी मुरवणं शक्य झालं ते घट्ट झाकणामुळे. जॉन मेसन या अमेरिकन कारागिराने 1858 मध्ये आट्यांच्या तोंडाच्या काचेच्या बरणीचं पेटंट घेतलं. ती होती भाज्या-फळं टिकवण्यासाठी. तंबाखूवाल्यांनी ती नंतर उसनी घेतली. आपल्याकडे काचेचा धंदा उभा राहिला तो स्वदेशीच्या लाटेत. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्यातून 1908 मध्ये पुण्याजवळ तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील त्यानंतरचे. तरीही पुण्याच्या स्वयंपाकघरात बरणी म्हटलं की चिनीमातीचीच राहिली. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधला की भागतं. तंबाखूचं तसं नाही. कापडातून हवा खेळली की मार्च उजाडेपर्यंत आत भुस्सा. चिनीमातीच्या सुबक बरण्यांत विलायती तंबाखू घालून ती वाळवून टाकणारे हौशी लोक आजही भेटतात.

आता टंचाईकडे. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाचा तुटवडा होता आणि विलायती तंबाखू ही चैनीची वस्तू. ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरची बंधनं टप्प्याटप्प्याने उठली, शेवटची 2001 च्या एप्रिलमध्ये. तोवर मार्ग एकच: परदेशातून येणारं कोणीतरी. मामा, मेव्हणा, जहाजावरचा मित्र. विमानतळावर करमुक्त आणता येणारी तंबाखू आधी 250 ग्रॅम होती. 2016 च्या नियमांत ती 125 ग्रॅम होती. हल्लीचा डबा साधारण 50 ग्रॅमचा, म्हणजे अडीच डबे. अडीच डबे वर्षभर पुरवायचे तर ते जपावेच लागतात. पुण्यातली साठवण इथून सुरू झाली, आणि जपता जपता लोकांच्या ध्यानात आलं की मागच्या वर्षीचा डबा यंदाच्यापेक्षा बरा लागतोय.

अमेरिकेत गोष्ट उलटी होती, पण पोचली त्याच जागी. तिथे माल भरपूर होता; भीती होती ती तो नाहीसा होण्याची. जुने कारखाने विकले जात, नावं एका कंपनीकडून दुसरीकडे जात आणि चव बदले. त्यात 2016 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने पाइपची तंबाखूही आपल्या नियमांखाली आणली. डनहिलच्या नावाने निघणारी पाइपची तंबाखू 2018 मध्ये बंद झाली, तेव्हा असेल नसेल तेवढी उचलून ठेवण्याची घाई उडाली. पेटीने माल घेऊन बरण्या भरून ठेवायच्या, हा प्रकार या भीतीतूनच फोफावला.

बरणीच्या आत काय होतं? पानातली साखर आणि अमिनो आम्लं यांची हळूहळू विक्रिया होते, तीच जी भाकरीचा पापुद्रा खरपूस करते. फक्त इथे तापमान खोलीचं आणि वेळ वर्षांचा. थोडं आंबणंही होतं. कोवळ्या व्हर्जिनियाचा गवती, जिभेला चावणारा तिखटपणा उतरतो. पाच-सात वर्षांच्या फ्लेकची बरणी उघडली की आधी एक आंबूस भपकारा येतो आणि तो ओसरला की मनुकांसारखा वास. पिवळसर काप तपकिरी-काळे झालेले असतात आणि त्यांवर कधी कधी बारीक चमकदार कण दिसतात. नवखे त्यांना बुरशी समजून सगळं फेकून देतात. उजेडात तिरकं धरून पाहावं: कण चमकतात, बुरशी लोकरीसारखी दिसते आणि तिला कोंदट वास असतो. लटाकिया ही धुरावर धरलेली तंबाखू, तिचं उलट होतं. धुराचा ठसका वर्षांगणिक मवाळ पडतो, म्हणून ती फार वर्षं ठेवू नये म्हणणारे आहेत, आणि मला ते पटतं.

मुरल्याने तंबाखू निरुपद्रवी होते, असा एक गोड समज मात्र सर्रास ऐकू येतो. तो खोटा आहे. निकोटीन कुठे जात नाही, आणि नायट्रोसॅमाइन ही कर्करोगकारक संयुगं तर तंबाखू वाळवताना आणि साठवताना तयार होत असतात.

पुण्याची हवा या नादाला मुळीच सोयीची नाही. एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता 20-25 टक्क्यांवर येते, जुलै-ऑगस्टात 80 च्या वर जाते. तंबाखूला हवी साठ-पासष्टच्या आसपास. म्हणून उन्हाळ्यात सफरचंदाची फोड किंवा बटाट्याची साल पाकिटात टाकायचा जुना उपाय इथेही चालायचा, आणि पावसाळा लागला की त्याच फोडीवर बुरशी धरायची. जाड भिंतींच्या वाड्यातली अंधारी खोली साठवणीला बरी होती. पश्चिमेचं ऊन घेणाऱ्या फ्लॅटमध्ये कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा गाठावा लागतो.

खरा शत्रू वेगळाच आहे: सिगारेट बीटल, तांबूस-तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरचा भुंगा. हळदीत आणि लाल मिरचीत जो सापडतो, तोच हा. तूतनखामेनच्या थडग्यातही त्याचे अवशेष मिळाले आहेत, म्हणजे इजिप्तमध्ये तंबाखू पोचायच्या तीन हजार वर्षं आधीपासून तो तिथे होता. तीस अंशांच्या आसपास तो जोमाने वाढतो, आणि पुण्यात ते तापमान वर्षातले कित्येक महिने मिळतं. सुट्ट्या तंबाखूतून अंडी आली असतील तर बरणीचं झाकण कितीही घट्ट असो, तो आतच निपजतो. घरच्या फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर आठवडाभर ठेवली तर अंडीही मरतात. मसाल्याच्या कपाटात तंबाखू ठेवू नये, यामागे वासाइतकंच हेही कारण आहे.

आणि यातलं बरंचसं ज्या तंबाखूला लागूच होत नाही, ती म्हणजे चेरी, व्हॅनिला असे वास मारलेली मिश्रणं. त्यांच्यात ओल धरून ठेवायला बहुधा प्रोपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं, त्यामुळे ती उघड्यावरही लवकर वाळत नाहीत. पण वरून दिलेला वास वर्षां-दोन वर्षांत उडायला लागतो, आणि खालचं पान बरेचदा बर्ली, म्हणजे मुरायला साखरच नाही. दुकानांत सहज मिळणाऱ्या पाकिटांत हीच जास्त. तेव्हा पुण्यातल्या कपाटांत तारखा घालून ठेवलेल्या बऱ्याच बरण्यांत तंबाखू मुरत नाही, नुसती जुनी होते.