धावत्या ट्रकचं वजन कसं करतात?

ताशी ७२ किलोमीटर वेगानं धावणारा ट्रक सेकंदाला २० मीटर अंतर कापतो. रस्त्यात आडवी बसवलेली सेन्सरची पट्टी समजा ५ सेंटिमीटर रुंद आहे आणि टायरचा जमिनीला टेकणारा भाग २५ सेंटिमीटर लांब. चाक पट्टीला शिवून पुढे जायला सेकंदाचा जेमतेम ६७वा भाग लागतो. वजन तेवढ्यातच करायचं!

शिवाय टायरचा टेकलेला भाग पट्टीपेक्षा लांब असल्यानं चाकाचा सगळा भार एका क्षणी पट्टीवर येतच नाही. मग त्या अवधीत पडलेल्या दाबाची क्षणाक्षणाची बेरीज करतात, तिला वेगानं गुणतात आणि पट्टीच्या रुंदीनं भागतात. वेग कळावा म्हणून काही अंतरावर दुसरी पट्टी असते.

अशा अनेक पट्ट्यांत क्वार्ट्झचे स्फटिक असतात. दाब पडला की या स्फटिकावर विद्युतभार तयार होतो. हा गुणधर्म १८८० साली जाक आणि पिएर क्युरी या भावांनी शोधला. तापमान बदललं तरी क्वार्ट्झ फारसा विचलित होत नाही, आणि उन्हात तापणाऱ्या रस्त्यात हा गुण फार मोलाचा. मात्र तयार झालेला विद्युतभार हळूहळू झिरपून जातो, त्यामुळे पट्टीवर थांबून राहिलेल्या गाडीचं वजन या पद्धतीनं करता येत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. पट्टी मोजते तो त्या क्षणीचा दाब, आणि धावता ट्रक स्प्रिंगांवर सतत वरखाली होत असतो. सेकंदाला ३ वेळा हिंदकळला, तर या वेगात एक हेलकावा जवळपास ७ मीटरभर पसरतो. पट्टी नेमकी हेलकाव्याच्या खालच्या टोकाला आली तर वजन जास्त दिसतं, वरच्या टोकाला आली तर कमी. म्हणून पट्ट्यांच्या अनेक ओळी टाकून सरासरी काढतात. मला वाटतं, त्याहून महत्त्वाचा आहे पट्टीच्या अलीकडचा रस्ता. तो सपाट नसेल तर उत्तम सेन्सरही चुकतो.

एवढा खटाटोप रस्ता वाचवण्यासाठी. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक सतत फिरवून पाहिले गेले. रस्त्याची हानी एक्सलवरच्या, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसावरच्या, भाराच्या साधारण चौथ्या घातानं वाढते, हा ढोबळ नियम त्यातून मिळाला. एक्सलवर २० टक्के जादा भार म्हणजे हानी दुपटीहून थोडी अधिक. त्यामुळे गाडीचं एकूण वजन मर्यादेत असलं तरी भागत नाही, प्रत्येक एक्सलचा भार वेगळा मोजावा लागतो. आणि हेलकाव्यांमुळे नेमका हाच आकडा एकूण वजनापेक्षा जास्त चुकतो. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी या पट्ट्या फक्त संशयित ट्रक हेरतात आणि दंडाआधी तो ट्रक थांबवून काट्यावर चढवला जातो.