प्रीपेड वीजमीटर व मासिक बिल पद्धती

विजेचे पैसे वापराआधी भरायचे की वापरानंतर, यावरून घरगुती वीज आकारणीच्या दोन पद्धती पडतात. प्रीपेड पद्धतीत ग्राहक आगाऊ रक्कम भरतो, वापरानुसार ती घटत जाते आणि शिल्लक संपली की पुरवठा थांबतो. रूढ पद्धतीत आधी वीज वापरली जाते, ठरावीक मुदतीने रीडिंग घेतले जाते, बिल निघते आणि ते भरायला काही दिवस मिळतात. प्रति युनिट दर दोन्हींत बहुधा सारखाच असतो. त्यामुळे घरखर्चाच्या दृष्टीने तुलना करताना दरापेक्षा दुसऱ्या दोन गोष्टी पाहाव्या लागतात : पैसा कोणाकडे किती काळ अडकून राहतो, आणि हाती पैसे नसतील त्या दिवशी घरात काय घडते.

इतिहास : आधी पैसे, मग ऊर्जा ही रीत विजेच्या आधी कोळशापासून काढलेल्या दिव्याच्या वायूत रूढ झाली. ब्रिटनमध्ये नाणे टाकून चालणारा गॅस मीटर प्रथम कोणी बनवला याबद्दल एकवाक्यता नाही. बर्मिंगहॅमच्या आर. डब्ल्यू. ब्राउनहिल यांच्या 1887 च्या एकस्वाला (पेटंटला) सामान्यतः अग्रमान दिला जातो. मँचेस्टरजवळील व्हाइटफील्डचे टॉमस थॉर्प यांनीही जवळपास त्याच सुमारास अशी यंत्रणा सिद्ध केली व काही लेखक श्रेय त्यांना देतात. एकस्वाच्या क्रमावरून ब्राउनहिल यांचा दावा अधिक सबळ वाटतो. मात्र एकस्व मिळणे आणि मीटर लोकांच्या भिंतीवर चढणे या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्यक्ष प्रसाराचे श्रेय बऱ्याच अंशी लंडनच्या साउथ मेट्रोपॉलिटन गॅस कंपनीकडे जाते. जॉर्ज लिव्हसी अध्यक्ष असताना, 1890 च्या दशकाच्या आरंभी, तिने कामगारवस्त्यांत पेनी टाकून चालणारे मीटर बसवले.

या प्रसारामागचे कारण आजही लागू पडते. आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्या घराला तिमाही बिल एकरकमी भरणे शक्य नव्हते आणि कंपनी त्याला उधारी द्यायला तयार नव्हती. पेनीच्या मीटरने ही कोंडी फुटली, पण शेगडी-दिव्यांचा व नाणी गोळा करण्याचा खर्च वसूल करण्यासाठी अशा ग्राहकाला पेनीमागे वायू कमी मिळे. गरिबाला ऊर्जा मिळाली ती थोडी महाग मिळाली. प्रीपेड मीटरवरचा हा आक्षेप त्याच्या जन्माइतकाच जुना आहे.

विसाव्या शतकात ब्रिटनमधील वीजमीटरांतही शिलिंगचे नाणे टाकण्याची सोय रूढ झाली. नाण्यांच्या पेट्या फोडल्या जाऊ लागल्यावर पुढे चावी व कार्ड आले.

आजच्या अंकीय प्रीपेड मीटरचे माहेर दक्षिण आफ्रिका होय. तेथे 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्याचा विकास सुरू झाला. तो का झाला याबद्दल दोन मते आढळतात. अभियांत्रिकी लेखनात असे मांडले जाते, की ज्या वस्त्यांत घरांना पत्ता नव्हता, टपाल पोचत नव्हते आणि रहिवाशांची बँकखाती नव्हती, तेथे बिल पाठवणेच अशक्य असल्याने हा मीटर आला. समाजशास्त्रज्ञ मात्र 1986 मध्ये सोवेटो या जोहान्सबर्गजवळील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत सुरू झालेल्या भाडे व सेवाशुल्क बहिष्काराकडे बोट दाखवतात. वर्णभेदी राजवटीविरुद्धच्या त्या लढ्यात लोकांनी बिले भरणे थांबवले होते. प्रीपेड मीटरने न भरण्याचा तो मार्गच बंद केला. कालक्रम पाहता दुसरे मत बाजूला सारता येत नाही. तथापि 1994 नंतरच्या पुनर्रचना कार्यक्रमात 25 लाख घरांना वीज देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले तेव्हा याच मीटरने काम सोपे केले, हेही खरे.

रचना व कार्य : दक्षिण आफ्रिकी पद्धतीत मीटर आणि वीजकंपनी यांच्यात कोणतीही तार वा रेडिओ संपर्क नसतो. ग्राहक दुकानातून किंवा मोबाइलवरून 20 अंकी क्रमांक विकत घेतो व मीटरच्या कळफलकावर दाबतो. त्या आकड्यात किती युनिटे विकली, तो क्रमांक कधी निघाला आणि तो याच मीटरसाठी आहे काय, एवढी माहिती कूटबद्ध असते. मूळ माहिती 66 बिटांची असते व ती दशमान आकड्यांत मांडायला 20 स्थाने लागतात. या पद्धतीच्या मानकाला ‘स्टँडर्ड ट्रान्सफर स्पेसिफिकेशन’ (एसटीएस) म्हणतात व त्याची देखभाल 1997 मध्ये स्थापन झालेली एसटीएस असोसिएशन करते. आंतरराष्ट्रीय पातळीवर ते आयईसी 62055-41 म्हणून ओळखले जाते.

एकच क्रमांक दोनदा वापरला जाऊ नये म्हणून प्रत्येकात तो निघाल्याची वेळ मिनिटांत नोंदलेली असते. ही मोजणी 1 जानेवारी 1993 पासून सुरू झाली आणि तिच्यासाठी 24 बिटे राखली गेली. 24 बिटांत 1,67,77,216 मिनिटे मावतात, म्हणजे 32 वर्षांना थोडी कमी. ही मुदत 24 नोव्हेंबर 2024 रोजी संपली. तोपर्यंत प्रत्येक मीटरवर 20 अंकांचे दोन विशेष क्रमांक दाबून त्याची कूटकिल्ली बदलणे भाग होते. ज्यांचे राहिले ते मीटर त्यानंतर नवा रिचार्ज स्वीकारू शकत नव्हते. यामुळे आफ्रिका व आशियातील अनेक देशांत घरोघर जाऊन हे काम करावे लागले.

भारतात सध्या बसवला जाणारा ‘स्मार्ट’ मीटर याहून मुळातच वेगळा आहे. भारतीय मानक आयएस 16444 मधील हा मीटर रेडिओ किंवा मोबाइल जाळ्यातून आपले वाचन सर्व्हरला कळवतो. ग्राहकाची शिल्लक मीटरमध्ये नसते, कंपनीच्या सर्व्हरवर असते. हिशेब तेथेच होतो आणि वीज तोडण्याचा वा जोडण्याचा आदेश तेथून मीटरमधील रिलेला (आपोआप चालणाऱ्या स्विचला) येतो. म्हणून तोच मीटर प्रीपेडही चालवता येतो आणि पोस्टपेडही. पेटी बदलावी लागत नाही. ‘स्मार्ट मीटर’ आणि ‘प्रीपेड मीटर’ हे शब्द समानार्थी वापरले जातात, ते अचूक नाही. त्याआधीचे, स्मार्ट नसलेले स्थितिक (फिरती चकती नसलेले) प्रीपेड मीटर आयएस 15884 या मानकाखाली येत.

भारतातील कायदेशीर स्थिती : विद्युत अधिनियम 2003 ने प्रीपेड मीटर हा ग्राहकाचा पर्याय म्हणून कल्पिला होता. कलम 47(5) नुसार जो ग्राहक प्रीपेड मीटरमधून वीज घ्यायला तयार आहे त्याच्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. 31 डिसेंबर 2020 च्या वीजग्राहक हक्क नियमांनी हा सूर बदलला : मीटरशिवाय जोडणी नाही आणि मीटर प्रीपेड किंवा स्मार्ट प्रीपेडच हवा, अपवादाला राज्य वीज नियामक आयोगाची मान्यता लागते. 2021 मध्ये केंद्राने सुमारे 3.03 लाख कोटी रु.ची सुधारित वितरण क्षेत्र योजना आणली व 25 कोटी स्मार्ट मीटरांचे लक्ष्य ठेवले. सर्वसाधारण राज्यांत मीटरच्या किमतीच्या 15 टक्के, पण 900 रु.पर्यंत, अनुदान मिळते. मीटरचे पैसे ग्राहकाकडून एकरकमी घेतले जात नाहीत. मीटर बसवून चालवणाऱ्या कंत्राटदाराला मासिक हप्त्याने मोबदला मिळतो आणि हा खर्च अखेर वीजदराच्या हिशेबातच येतो.

महाराष्ट्रात महावितरणने 2023 मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटे दिली. ग्राहक संघटना व कामगार संघटनांनी तीव्र विरोध केल्यावर जून 2024 मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवले जाणार नाहीत असे जाहीर केले. त्यानंतर बसवलेले मीटर ‘टीओडी’ (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळनिहाय वापर मोजणारे) मीटर या नावाने, मासिक बिलावरच चालतात. जुलै 2025 पासून अशा घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील वापरावर युनिटमागे सवलत सुरू झाली. ही सवलत वेळनिहाय मोजणीची आहे, आगाऊ पैसे भरण्याची नव्हे. दोहोंची गल्लत होऊ नये.

खर्चाची तुलना : बिल पद्धतीत कंपनी ग्राहकाला उधारी देते, ही समजूत सार्वत्रिक आहे. महाराष्ट्राच्या संदर्भात ती तपासून पाहण्यासारखी आहे. राज्य आयोगाच्या 2021 च्या पुरवठा संहितेनुसार सुरक्षा ठेव ही एका बिलिंग कालावधीच्या सरासरी बिलाच्या दुप्पट असते. महिन्याला 1,500 रु. बिल येणाऱ्या घराची ठेव 3,000 रु. झाली. आता उधारी मोजू. महिनाभरात वापरलेल्या विजेचे सरासरी वय रीडिंगच्या दिवशी 15 दिवस असते. बिल निघून शेवटच्या तारखेपर्यंत आणखी तीनेक आठवडे जातात. म्हणजे साधारण 36 दिवसांची उधारी, दिवसाला 50 रु. प्रमाणे 1,800 रु. ठेव 3,000, उधारी 1,800. वेळेवर बिल भरणाऱ्या घराचेच सुमारे 1,200 रु. कायम कंपनीकडे असतात. ठेवीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराने व्याज मिळते हे खरे, पण ‘आधी वापरा, मग भरा’ हे वर्णन येथे नावापुरतेच उरते. आपण आज प्रीपेड नाही असे समजणारे कुटुंब हिशेबाने प्रीपेडच आहे.

उलट बाजूने, बिल 7 दिवसांत भरल्यास मिळणारी 1 टक्का तत्पर भरणा सवलत आणि उशिरासाठी लागणारा 1.25 टक्के आकार हे दोन्ही प्रीपेडमध्ये गैरलागू होतात. त्याऐवजी काही राज्यांचे आयोग प्रीपेड ग्राहकाला छोटी टक्केवारी सूट देतात. 1,500 रुपयांच्या बिलावर या साऱ्यांचा निव्वळ फरक महिन्याला काही दहा रुपयांत राहतो. पैशाच्या निकषावर यांपैकी कोणतीही पद्धत दुसरीला निर्णायकपणे मागे टाकत नाही.

गोंधळ होतो तो वजावटीच्या रीतीने. वीजदर टप्प्यांचे असतात. हिशेबाच्या सोयीसाठी पहिल्या 100 युनिटांना 5 रु. व पुढे 10 रु. दर धरला, तर 200 रुपयांच्या रिचार्जमध्ये 5 तारखेला 40 युनिटे मिळतात आणि 25 तारखेला 20. मीटर पळत नाही, टप्पा बदललेला असतो. स्थिर आकारही रोज विभागून कापला जातो : महिना 120 रु. असेल तर दिवसाला 4 रु. दहा दिवस गावी जाऊन आलेल्या माणसाला, मेन स्विच बंद असूनही, शिल्लक 40 रुपयांनी घटलेली दिसते. छापील बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क ओळीने मांडलेले असतात. मोबाइलवर मात्र एकच आकडा उतरताना दिसतो. तोच तपशील प्रीपेड ग्राहकालाही महिन्याला मिळाला पाहिजे. त्यावाचून हिशेब पडताळता येत नाही.

वापरातील घट : प्रीपेडमुळे घरे वीज कमी वापरतात, याला चांगला आधार आहे. केपटाउनमध्ये 4,000 हून अधिक ग्राहकांचे मीटर त्यांच्या इच्छेचा प्रश्न न ठेवता प्रीपेड केले गेले. केल्सी जॅक व ग्रँट स्मिथ यांच्या 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार वापर सुमारे 14 टक्के घटला व ही घट पुढील वर्षभर टिकली. कंपनीची विक्री घटली, पण वसुली वेळेवर व कमी खर्चात होऊन एकूण फायदाच झाला. उत्तर आयर्लंडमध्ये 2002 पासून आलेल्या कळफलकाच्या मीटरांवरील अभ्यासात 11 ते 17 टक्के घट आढळली. तेथील लेखकांनी तिचे श्रेय समोर दिसणाऱ्या आकड्यांना दिले : गिझर लावला की शिल्लक किती झपाट्याने उतरते हे दिसले, की माणूस बटण बंद करतो. ही घट कितपत समज वाढल्याची आणि कितपत खिसा रिकामा झाल्याची, यावर अभ्यासक एकमत नाहीत. दोन्ही कारणे एकाच वेळी काम करतात असे मानणे युक्त ठरते. मात्र दुसऱ्या कारणाने आलेल्या घटीला बचत म्हणता येणार नाही. अंधारात बसलेल्या घराचाही वापर कमीच भरतो.

पुरवठा तुटणे : दोन पद्धतींतला खरा भेद येथे आहे. थकबाकीदाराची वीज तोडण्यापूर्वी विद्युत अधिनियमाच्या कलम 56 नुसार पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्या पंधरवड्यात घर उसनवारी करते, कार्यालयात जाऊन हप्ते पाडून घेते, बिल चुकीचे असेल तर तक्रार नोंदवते. प्रीपेडमध्ये शिल्लक शून्य झाली की हा पंधरवडा राहत नाही. एका मतानुसार कलम 56 थकबाकीसाठी आहे आणि प्रीपेड ग्राहकाकडे थकबाकी नसतेच, म्हणून नोटीस लागू नाही. दुसऱ्या मताप्रमाणे नियमाने वा सर्व्हरच्या आदेशाने अधिनियमातील संरक्षण काढून घेता येत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने 2009 च्या माझिबुको खटल्यात, पाण्याच्या प्रीपेड मीटरबाबत, मोफत पाणी संपल्यावर पुरवठा थांबणे म्हणजे तो तोडणे नव्हे, तात्पुरता स्थगित करणे होय, असे म्हटले. पहिल्या मताला हा निकाल जवळचा आहे. परंतु तेथे दरमहा 6 किलोलिटर पाणी मोफत होते, विजेच्या प्रीपेड मीटरमागे असा मोफत आधार असतोच असे नाही. म्हणून त्याचा दाखला जपूनच द्यावा.

ब्रिटनमध्ये ग्राहकाने पैशाअभावी रिचार्ज न केल्याने वीज जाते त्याला ‘स्वतःहून तोडणे’ अशा अर्थाची संज्ञा आहे. अशा घरांची नोंद थकबाकीदारांच्या यादीत येत नाही. तेथे 2023 च्या फेब्रुवारीत बिल थकलेल्या घरांत सक्तीने प्रीपेड मीटर बसवण्याचे काम थांबवावे लागले. ऑफजेम या नियामकाने त्याच वर्षी नवे नियम केले व घरात दुसरा आधार नसलेल्या 75 वर्षांवरील व्यक्तींकडे अशी सक्ती वर्ज्य ठरवली. शिल्लक संपल्यावरही थोडी वीज देणारी आपत्कालीन उधारी आणि रात्री पुरवठा न तोडण्याची सोय तेथे आधीपासून रूढ होती. भारतातही काही राज्यांनी रात्री व सुटीच्या दिवशी वीज न तोडण्याचे बंधन घातले आहे. पैसे भरल्यानंतर मात्र जोडणीचा आदेश मीटरपर्यंत पोचावा लागतो; जाळे बंद असेल तर शिल्लक जमा दिसते आणि घरात वीज नसते.

स्मार्ट मीटर जलद फिरतो अशी तक्रार आल्यास, हक्क नियमांच्या 2024 मधील दुरुस्तीनुसार, कंपनीने 5 दिवसांत शेजारी दुसरा मीटर लावून किमान 3 महिने वापराची पडताळणी करणे बंधनकारक आहे. स्मार्ट मीटर बसण्यापूर्वीच्या काळासाठी, नव्या मीटरने नोंदलेल्या कमाल मागणीच्या (एका वेळी घेतलेल्या सर्वाधिक विजेच्या) आधारे, दंड आकारता येत नाही, ही 2023 ची तरतूद. मंजूर भारही एका आर्थिक वर्षात किमान तीनदा ओलांडला गेला तरच वाढवला जातो. या तिन्ही तरतुदी मीटर प्रीपेड असो वा मासिक बिलाचा, दोन्हींना लागू आहेत.