४८ तासांची रेघ
मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू, म्हणजेच एमआरएसए, १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. पुढची तीसेक वर्षं तो रुग्णालयातलाच जंतू समजला जाई आणि ते बऱ्याच अंशी खरंही होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या दुर्गम आदिवासी वस्त्यांत आढळू लागला. १९९७ ते १९९९ दरम्यान अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा इथे त्याच्या संसर्गाने चार मुलं दगावली. रुग्णालयातून संसर्ग व्हावा असं त्यांच्या पूर्वेतिहासात काही नव्हतं.

घोळ सुरू झाला तो रुग्णालयाबाहेरचा संसर्ग कशाला म्हणायचं या व्याख्येवरून. भरती झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडला आणि गेल्या वर्षभरात रुग्णालयवास, शस्त्रक्रिया किंवा डायलिसिस झालेलं नसलं, शरीरात कॅथेटर नसला, की संसर्ग 'समाजातला' धरायचा. मोजदादीला हे सोयीचं, पण हा जंतू नाकात महिनोन्महिने काही त्रास न देता राहतो. नमुना कधी घेतला यावरून तो कुठे चिकटला हे कसं कळणार? मग 'समाजात झालेला', 'समाजात सुरू झालेला' आणि 'समाजाशी संबंधित' असे तीन शब्द शोधनिबंधांत आले आणि सर्रास एकमेकांच्या जागी वापरले गेले. दोन देशांची आकडेवारी शेजारी ठेवली की हा घोटाळा आजही नडतो.

जनुकं निवाडा करतील अशी आशा होती. प्रतिकाराचं मेकए जनुक एससीसीमेक नावाच्या फिरत्या डीएनए तुकड्यावर असतं. रुग्णालयातल्या वाणांत हा तुकडा सहसा मोठा, दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारचा. बाहेरच्यांत छोटा, चौथ्या-पाचव्या प्रकारचा, जोडीला अनेकदा पीव्हीएल हे विष. सात जनुकांच्या क्रमावरून वंश लावण्याची पद्धत २००० च्या सुमारास रुळली, तेव्हा अमेरिकेत एसटी ८ (एसटी म्हणजे सिक्वेन्स टाइप, वंशाचा क्रमांक), युरोपात एसटी ८०, ऑस्ट्रेलियात एसटी ९३, भारतीय उपखंडात एसटी ७७२ असे निरनिराळे वंश दिसले. रुग्णालयातलाच वाण बाहेर सांडला, हे सरधोपट स्पष्टीकरण तिथेच लंगडं पडलं.

आशाही फार टिकली नाही. एसटी ८ मधला यूएसए ३०० हा वाण पुढे रुग्णालयांत शिरला, आणि चौथ्या प्रकारचा तुकडा बाळगणारा एसटी २२ तर ब्रिटनच्या रुग्णालयांत आधीपासूनच मुरलेला होता. एसटी ७७२ च्या जनुकसंचाच्या अभ्यासातून तो उपखंडात १९६० च्या दशकात उपजला आणि १९९० च्या दशकात वेगाने फैलावला, असा अंदाज निघतो. भारत आणि बांगलादेशात तो पहिल्यांदा हाती लागला २००४ मध्ये.