'टॉफ': जुन्या बाजारातून आलेला शब्द

नेदरलँड्समध्ये एखादी गोष्ट आवडली की लोक सहज म्हणून जातात, 'टॉफ!' आपल्या 'भारी' किंवा 'झकास'सारखंच. दिलदार माणसाला तिथे 'टॉफे पेर' म्हणतात, शब्दशः 'झकास नासपती'. शेजारच्या बेल्जियममधल्या डचभाषक फ्लँडर्समध्येही हा शब्द तितकाच चालतो.

पण तो मूळचा डच नाही. हिब्रूत 'तोव' म्हणजे चांगलं. तिथून तो यिद्दिशमध्ये, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, आला आणि सतराव्या शतकापासून जर्मनी-पोलंडकडून आलेल्या ज्यूंबरोबर ॲम्स्टरडॅमला पोचला. कारागिरांच्या बहुतेक संघांची दारं ज्यूंना बंद होती. त्यामुळे अनेकांनी फेरीचा, जुन्या कपड्यांचा, बाजारातल्या किरकोळ विक्रीचा धंदा धरला, आणि गिऱ्हाइकांशी बोलता बोलता त्यांचे शब्द शहराच्या तोंडी बसले.

काही शब्द मात्र आडवाटेने आले. फेरीवाले, भटके आणि चोर यांची 'बारगून्स' नावाची सांकेतिक बोली होती. पोलिसाला कळू नये म्हणून तिने यिद्दिशमधून भरपूर उचललं. हिब्रू 'याद' म्हणजे हात. त्यावरून 'यात्तन', चोरणं. 'बायित' म्हणजे घर; त्यावरून 'बायस', तुरुंग. 'टॉफ'सुद्धा याच बोलीत रुळला. सांकेतिक शब्द सगळ्यांना कळला की त्याचं गुपित संपतं, शब्द मात्र उरतो.

उच्चारातही या प्रवासाची खूण आहे. डच भाषेत शब्दाच्या शेवटी 'व्ह' टिकत नाही, त्याचा 'फ' होतो. 'लीफ' म्हणजे प्रेमळ. पुढे प्रत्यय लागला की 'लीव्हे' होऊन मूळचा 'व्ह' परत येतो. 'टॉफ'चं रूप मात्र 'टॉफे' होतं. हिब्रूतला 'व' परतत नाही, कारण ऱ्हस्व स्वरानंतर डच जिभेला 'फ'च सवयीचा. बर्लिनमध्ये याच मुळापासून 'डुफ्टे' झाला, अर्थ तोच.

1940 मध्ये नेदरलँड्समध्ये सुमारे 1,40,000 ज्यू होते. त्यांतल्या एक लाखाहून अधिक जणांना नाझींनी ठार केलं. ज्या गल्ल्यांनी हा शब्द शहराला दिला, त्या ओस पडल्या. ॲम्स्टरडॅमचे लोक आजही लाडाने आपल्या शहराला 'मोकुम' म्हणतात. तोही यिद्दिशच, हिब्रू 'माकोम' म्हणजे जागा यावरून आलेला.

आता शाळेतल्या पोरांच्या तोंडी सुरीनामच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीच्या, स्रानन भाषेतले शब्द आहेत: पैशाला 'डुकू', घराला 'ओस्सो'. वाट तीच, बोलणारे नवे.