गोकर्णला निघालात? सॅक उचलण्याआधी हे वाचा

हे पत्रक आम्ही सॅकच्या वरच्या कप्प्यात घालून देतो, कारण काउंटरवर सांगितलेलं दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत हवेत विरतं. दिवाळीनंतर आमच्याकडून भाड्याने जाणाऱ्या सॅकांपैकी बऱ्याचशा गोकर्णला जातात. बेतही साधारण ठरलेला असतो. कॉलेजचा जुना ग्रुप, निम्मे पुण्या-मुंबईत, निम्मे नोकरीपायी बंगळुरूला. दोन्हीकडून निघायचं, मधे भेटायचं आणि जिथे गाडीरस्ता पोचत नाही अशा किनाऱ्यावर एक दिवस काढायचा. बेत उत्तम आहे. फिसकटतो तो बहुतेक वेळा दोन जागी, भेटताना आणि सॅक भरताना.

कुठला बीच कुठे

गोकर्ण कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे, अंकोला आणि कुमठा यांच्या मधे. घरी आजीला सांगितलंत की रावण, आत्मलिंग आणि बटूच्या वेषातला गणपती ही गोष्ट ऐकूनच निघावं लागेल; महाबळेश्वराचं देऊळ ते हेच. तेव्हा गाव आधी तीर्थक्षेत्र आहे आणि मग बीच, हे लक्षात असू द्या. अर्ध्या चड्डीत देवळाकडे जाऊ नका. सॅकमध्ये एक पंचा किंवा लुंगी टाकलीत तर अंग पुसायलाही होते.

उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रम असा: गावाचा मोठा किनारा, मग कुडले, मग ओम, मग हाफ मून आणि शेवटी पॅराडाइज. मधे मधे जांभ्याच्या टेकड्या समुद्रात घुसल्या आहेत, म्हणून प्रत्येक किनारा वेगळा पडला आहे. ओमपर्यंत रिक्षा जाते. पुढच्या दोन ठिकाणी पायी किंवा होडीने. ओमच्या दक्षिण टोकापासून हाफ मूनला वीस-पंचवीस मिनिटं, तिथून पॅराडाइजला आणखी अर्धा-पाऊण तास. हा हिशेब रिकाम्या हातांचा आहे. पाठीवर दहा किलो असतील तर दीडपट धरा, आणि ग्रुपमध्ये फोटो काढणारं कुणी असेल तर दुप्पट.

भेटायचं कसं

मुंबईकर मत्स्यगंधा एक्स्प्रेसने येतात, बंगळुरूवाले पंचगंगा एक्स्प्रेसने किंवा रात्रीच्या बसने. दोन्ही गाड्या गोकर्ण रोड स्टेशनवर थांबतात, पण मुंबईची गाडी मध्यरात्र उलटल्यावर पोचते आणि बंगळुरूची सकाळी. मधे चार-पाच तासांचं अंतर पडतं. ‘स्टेशनवर भेटू’ असं ठरवलंत तर निम्मा ग्रुप सिमेंटच्या बाकावर डास मारत बसतो. गाव तिथून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. अपरात्री उतरणाऱ्यांनी पहिल्या रात्रीची खोली आधी सांगून ठेवावी आणि इतक्या वाजता येतोय हे खोलीवाल्याला स्पष्ट कळवावं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा तिकीट काढताना वेळ पुन्हा बघा.

‘ओम बीचवर भेटू’ हेही पुरेसं नाही. हे आम्ही स्वतः भोगलं आहे. दुकान सुरू करण्याआधी आम्ही सात जण गेलो होतो, चार इकडून, तीन बंगळुरूहून. ओमचा आकार नावाप्रमाणे ॐ सारखा, म्हणजे एकाला एक लागून दोन अर्धवर्तुळं आणि मधे समुद्रात शिरलेली खडकांची सोंड. आम्ही चौघे खडकांच्या अलीकडे वाळूत सॅका टाकून बसलो. ते तिघे पलीकडे बसले. फोनला रेंज येत-जात होती, मेसेजवर एकच टिक. दोन तास दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या नावाने बोटं मोडून झाली. शेवटी त्यांच्यातला एक जण आडोसा शोधत खडकांवर चढला आणि वरून त्याला आमची केशरी रेन कव्हरं दिसली. मधलं अंतर हाकेचं होतं, फक्त लाटांच्या आवाजात हाक पोचत नव्हती. तेव्हापासून आमच्या दुकानात काळं रेन कव्हर ठेवत नाही. काळं दिसतं छान, पण सापडत नाही.

म्हणून निघण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा आणि प्रत्येकाच्या खिशात एकेक चिठ्ठी द्या. फोनमध्ये नको, फोन पाण्यात पडतो. जागा नेमकी लिहा: ‘ओम बीच, मधल्या खडकांच्या उत्तरेला, टेकडीच्या पायऱ्या उतरतात तिथे’. वेळ लिहा आणि किती थांबायचं तेही लिहा. आणि चुकामूक झाली तर दुसरी जागा. ती गावातली, सगळ्यांना विचारता येईल अशी असावी. कोटितीर्थ हा पायऱ्यांचा तलाव बरा, कुणीही रस्ता दाखवतं. कन्नड येत नसेल तर कोकणीच्या जवळ जाणारं मराठी चालून जातं, हिंदीही चालते.

हाफ मून आणि पॅराडाइजवर रेंजचा भरवसा धरूच नका. तिथे ‘तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो मागून’ असं वाटून जाऊ नका. ओमवर सगळे जमा, डोकी मोजली, मग चाल.

भरती-ओहोटी

हाफ मूनहून पॅराडाइजकडे जाताना शेवटच्या टप्प्यात पाण्यालगतच्या खडकांवरून जावं लागतं. ओहोटीला ते खेळ वाटतं, भरतीला शेवाळलेल्या दगडावर लाट फुटते आणि सॅकचं वजन तुम्हाला मागे खेचतं. कोकणात जुनी माणसं भरतीची वेळ कॅलेंडरवरच काढतात: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. एकादशीला सव्वाआठ. पुढे-मागे सहा तासांवर ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, त्यावर हे गणित उभं आहे. मुंबई-रत्नागिरीच्या बाजूला ते बऱ्यापैकी जमतं. गोकर्ण बरंच दक्षिणेला, तिथे वेळ थोडी सरकते, म्हणून अंदाजापुरतं ठेवा आणि सकाळी होडीवाल्याला विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. त्या दिवसांत खडकांची वाट सोडून होडी धरलेली बरी.

होडी ओमवरून मिळते. भाडं बसण्याआधी ठरवा, जाऊन-येऊन ठरवा आणि परत न्यायला किती वाजता येणार ते दोनदा वदवून घ्या. लाइफ जॅकेट मागा. नाही म्हणाला तर दुसरी होडी बघा. सॅक होडीच्या तळाशी ठेवू नका, तिथे पाणी साचलेलं असतं; मांडीवर घ्या.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर या बेतासाठी आम्ही सॅक देतो, पण आधी चार शब्द ऐकवतो. होड्या बंद असतात, जांभा निसरडा होतो आणि समुद्रात उतरण्याचा प्रश्नच येत नाही. एरवीही कमरेपलीकडे जाऊ नका. पाणी आत ओढू लागलं तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर आडवं पोहायचं. ओढीचा पट्टा अरुंद असतो, बाजूला निघालात की सुटका होते.

मुक्कामाबद्दल

गोकर्णसाठी आम्ही तंबू भाड्याने देत नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, पण नाही देत. पॅराडाइजवर पूर्वी झोपड्या होत्या, त्या हटवल्या गेल्या. आता तिथे गोड्या पाण्याची खात्रीची सोय नाही, दिवा नाही, आणि रात्री कुणाचा पाय मुरगळला तर त्याला उचलून आणायची वाट ही तीच खडकांची. कुडले किंवा ओमवर खोली घ्या, पॅराडाइजला दिवसा जा. डिसेंबरात सहा-सव्वासहालाच सूर्य बुडतो. पश्चिम किनारा, त्यामुळे सूर्यास्त बघायचा मोह होणारच. तो ओमच्या टेकडीवरून बघा. म्हणजे चार-साडेचारला परतीची वाट धरायची. तरी प्रत्येकाकडे टॉर्च हवाच.

सॅक कशी भरायची

आमच्याकडे चाळीस, पन्नास आणि साठ लिटरच्या सॅका आहेत. चार दिवसांच्या गोकर्णला चाळीस पुरते. साठची मागाल तर आम्ही कारण विचारू, कारण मोठी सॅक रिकामी राहत नाही, माणूस ती भरतोच. एकूण वजन तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवा, सातव्या-आठव्या हिश्शात बसलं तर फारच छान.

तळाशी हलकं आणि लगेच न लागणारं: रात्रीचे कपडे, पांघरूण. मधे, पाठीला चिकटून, जड सामान. पाणी जड असतं, एक लिटर म्हणजे एक किलो, आणि पॅराडाइजच्या दिवशी माणशी तीन लिटर तरी हवं. त्यामुळे त्या दिवशी बाकीचं सामान खोलीवर काढून ठेवा. कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड पिळून गाठ मारा. रेन कव्हर पावसाला पुरतं, पण सॅक पाण्यात पडली तर नाही.

पाठीवर घेताना आधी सगळे पट्टे सैल करा. कमरपट्टा कमरेच्या हाडावर टेकवून आवळा, पोटावर नव्हे. मग खांद्याचे पट्टे ओढा, शेवटी छातीचा. वजन कमरेवर बसलं पाहिजे. खांदे दुखले तर सॅक खराब नाही, कमरपट्टा खाली घसरला आहे. खडकांवरून किंवा होडीतून जाताना मात्र कमरेचं आणि छातीचं बक्कल सोडा. पडलात तर सॅक टाकून देता आली पाहिजे. सॅकचे पैसे आपण बघून घेऊ.

खाण्याचं सामान बाहेरच्या जाळीच्या खिशात नको. ओम आणि कुडलेवर गायी आणि कुत्री मजेत हिंडतात. गेल्या हिवाळ्यात एक सॅक परत आली तिचा डावा खिसा गायीने चघळून टाकला होता, आत थालीपिठं होती म्हणे. गिऱ्हाईक इतकं ओशाळलं होतं की आम्ही नवीन जाळीचे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्यांदा घेऊ.

गोव्यातून खाली उतरणार असाल तर बाटल्या सोबत घेऊ नका. कारवारच्या अलीकडे माजाळीच्या नाक्यावर तपासणी होते, आणि उघडलेली सॅक पुन्हा तशी भरत नाही.

परत करताना

खाऱ्या पाण्याने सॅकचं कापड बिघडत नाही, चेन बिघडते. मीठ वाळून दातांमध्ये बसतं आणि वाळू ते घासत राहते. शेवटच्या संध्याकाळी चेनवरून गोडं पाणी सोडा, उघडी ठेवून सावलीत वाळवा. अडकत असेल तर मेणबत्ती घासा, जोर लावू नका. तेल तर अजिबात नको, वाळू चिकटते. घरी वॉशिंग मशीनमध्ये मुळीच घालू नका. आतला लेप सोलून निघतो आणि मग ती सॅक गाळणी होते. मळलेली आणलीत तरी चालेल, आम्ही धुतो, ते भाड्यात धरलेलं आहे.

अनामत रक्कम सॅक बघून त्याच दिवशी परत मिळते. तुटलेल्या बक्कलचे पैसे घेतो, फाटलेल्या शिवणीचे घेत नाही, कारण शिवण आमची जबाबदारी. एक दिवस उशीर झाला तर फोन करा, दंड नाही. न कळवता उशीर झाला तर एका दिवसाचं भाडं जास्त, कारण पुढचं गिऱ्हाईक दारात उभं असतं आणि त्याचे मित्र बंगळुरूहून निघालेले असतात.

आणि खिशांतली वाळू कृपया पायरीवरच झटका, आत नको.