झिजलेल्या रोमन नाण्याचं गाव कसं सापडतं : पार्श्वभूमी

भारतात सापडलेली रोमन नाणी बहुतांशी दक्षिणेतली, सोन्याची नाहीतर चांदीची. त्यांवरचा लॅटिन मजकूर अनेकदा सहज लागतो. रोमच्या पूर्वेकडच्या प्रांतांमधली तांब्या-ब्रॉन्झची नाणी ही वेगळीच जात. ती तिथली शहरं स्वतः पाडत. पुढे बादशहाचा चेहरा, मागे गावची देवी, डोंगर किंवा नदी आणि बहुतेक वेळा ग्रीक लिपीत गावकऱ्यांचं नाव. देवासच्या पवारांच्या १८८८ च्या तांब्याच्या नाण्यांवर व्हिक्टोरियाचा चेहरा आणि संस्थानाचं नाव आहे, साधारण तसाच प्रकार. फक्त तिकडे अशी पाचशेहून जास्त शहरं होती.

ही सगळी चिल्लर. सोनं लोक पुरून ठेवत. ही नाणी पिढ्यानपिढ्या बाजारात फिरत. चेहरा सगळ्यात उठावदार, म्हणून तोच आधी घासला जाई. कधीकधी जुन्या नाण्यावर एखादा छोटा शिक्का मारून त्याला पुन्हा चलनात मान्यता दिली जाई. तो खोल आणि नंतरचा असल्यामुळे बाकी सगळं गेलं तरी अनेकदा टिकून राहतो. ख्रिस्तोफर हॉवगेगो यांनी १९८५ मध्ये अशा शिक्क्यांची स्वतंत्र सूचीच छापली.

या नाण्यांचा पहिला मोठा अभ्यासक फ्रान्सचा झाँ फॉय-व्हायाँ. चाच्यांच्या कैदेतून सुटून परतताना पुन्हा चाच्यांचं जहाज दिसलं, तेव्हा त्याने वीसेक सोन्याची नाणी गिळून टाकली, अशी गोष्ट सांगतात. ग्रीकभाषक शहरांच्या नाण्यांवरचा त्याचा ग्रंथ १६९८ मध्ये आला. मांडणी बादशहांच्या क्रमाने. पण चेहराच पुसला गेला असेल तर असा ग्रंथ उघडायचा कुठे? व्हिएन्नाच्या योसेफ एकेलने १७९२ ते १७९८ दरम्यान आठ खंडांत प्राचीन नाणी मांडली आणि ग्रीक जगाची नाणी प्रदेश आणि शहर यांनुसार लावली. माझ्या मते झिजलेल्या नाण्यांच्या दृष्टीने खरं वळण इथेच आहे. मागच्या बाजूचं चित्र ओळखलं की गाव सापडतं. बादशहा नंतर बघता येतो. कॅपाडोशियातल्या सीझरियाच्या नाण्यावर अर्गेऑस पर्वत असतो, आजच्या तुर्कस्तानातला एर्जियस. अक्षरं गुळगुळीत झाली तरी त्या शंकूची बाह्यरेषा बोटालाही लागते. सीरियातल्या अँटिओकची खूण म्हणजे पानांच्या चक्रात एस आणि सी ही दोन लॅटिन अक्षरं.

पॅरिसच्या मियोनेने १८०६ पासून वर्णनांचे जाड खंड काढले आणि सोबत आकार मोजायला एकात एक वर्तुळांची पट्टी दिली. झिजेने वजन घटतं, व्यास त्यामानाने कमी बदलतो, त्यामुळे ही पट्टी फार उपयोगी पडली. ब्रिटिश म्युझियमची ग्रीक नाण्यांची सूची १८७३ पासून येऊ लागली. पण ग्रीक नाण्यांच्या अभ्यासकांना ही नाणी म्हणजे उतरता काळ वाटे, आणि रोमवाले त्यांना आपली मानत नसत. दोन घरचा पाहुणा उपाशी.

कोनराड क्राफ्ट यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की आशिया मायनरमधली, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली, अनेक शहरं चेहऱ्याची एकच डाय, म्हणजे नाणं ठोकायचा साचा, वापरत होती. म्हणजे मोजके कारखाने कित्येक गावांना नाणी पुरवत होते. तेव्हा नुसता चेहरा जुळला म्हणून गाव ठरत नाही. पण एका गावच्या धड नाण्यावरून दुसऱ्या गावच्या झिजलेल्या नाण्याचा बादशहा मात्र ठरवता येतो. १९९२ मध्ये बर्नेट, अमाँद्री आणि रिपोयेस यांनी ‘रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज’ या प्रांतिक नाण्यांच्या सूचीचा पहिला खंड काढला, इ.स.पू. ४४ ते इ.स. ६९ या काळाचा. आता हा प्रकल्प इंटरनेटवर मोफत आहे आणि वाचता आलेली चार अक्षरं टाकली तरी शोध घेता येतो.

मात्र पुसलेलं सगळंच झिजलेलं नसतं. कॅरियातल्या (हाही आजच्या तुर्कस्तानातलाच भाग) स्ट्रॅटोनिकिया शहराच्या काही मोठ्या नाण्यांवर रोमन बादशहा काराकाला आणि त्याचा भाऊ गेटा समोरासमोर होते. इ.स. २११ च्या डिसेंबरात काराकालाने गेटाला मारवलं आणि त्याची नाव-निशाणी पुसायचा हुकूम निघाला. त्या नाण्यांवर गेटाच्या जागी खरवडलेला सपाट भाग दिसतो, आणि अनेकांवर नंतर मारलेला शिक्काही. कडा गोल आणि मऊ असेल तर ती झीज. एकाच दिशेचे ओरखडे असतील तर ती छिन्नी. अशा नाण्यावर नावाचं एकही अक्षर उरलं नसलं तरी ते २११ संपण्याआधी पाडलं आणि त्यानंतर खरवडलं, हे ठरतं.